निरोगी बाजूचा हिशेब

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या बाईच्या फायलीत बायोप्सीच्या रिपोर्टपाठोपाठ आणखी एक कागद येतो. त्यावर ईआर, पीआर, हर-टू आणि बहुतेकदा केआय-६७ ही नावे असतात. घरातल्या माणसांना ती काही दिवसांत तोंडपाठ होतात. हार्मोनची गोळी पुरेल की केमो घ्यावी लागेल, महागडे इंजेक्शन उपयोगी पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या कागदावर ठरते. ही चारही नावे प्रथिनांची आहेत. गाठीतल्या पेशींमध्ये ती आहेत का, असल्यास किती, याचे उत्तर तिथे लिहिलेले असते.

प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके माणसाच्या शरीरात आहेत. स्तनाच्या गाठींमधून आजची यंत्रे दहा-बारा हजार प्रथिने ओळखून मोजतात. त्यांतली जेमतेम चार रोजच्या उपचारापर्यंत पोहोचली आहेत. निरोगी आणि कर्करोगग्रस्त स्तनातली प्रथिने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. त्यातून काय हाती लागले, काय निसटले आणि का निसटले, याचा हा आढावा. सगळा पट पाहिल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कर्करोगाची बाजू आपण फार बारकाईने वाचली, पण ज्याच्याशी तुलना करायची त्या निरोगी स्तनाचा हिशेब कच्चाच राहिला. बरेच गाजलेले शोध पुढे टिकले नाहीत, त्याचे एक मोठे कारण हा कच्चेपणा आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळते. २०२२ मध्ये जगभरात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण नोंदले गेल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो.

निरोगी स्तनात काय असते

स्तनाचे साधारण १५ ते २० खंड असतात. प्रत्येक खंडातून दुधाची एक नलिका निघते, तिला फांद्या फुटत जातात आणि टोकाला दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिंडिका असतात. बहुतेक कर्करोग या टोकाच्या भागातच सुरू होतात, हे वेलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्तनांचे पातळ काप बारकाईने तपासून दाखवले.

नलिकेच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतला थर ल्युमिनल पेशींचा, दुधाशी संबंध असलेला. बाहेरचा मायोएपिथेलियल पेशींचा. या पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकलतात. त्यांच्याभोवती लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन यांचा पातळ पडदा असतो. पडद्यापलीकडे चरबी, तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी.

तुलनेतली पहिली अडचण इथेच उभी राहते. निरोगी स्तनाचा तुकडा घेतला तर त्यात नलिकांच्या पेशींचा वाटा थोडा असतो, बाकी सगळी चरबी आणि तंतू. गाठीच्या तुकड्यात पेशींची दाटी असते. दोन्ही तुकडे दळून प्रथिने मोजली की गाठीत केराटिन ‘वाढलेले’ आणि चरबीच्या पेशींतले पेरिलिपिन ‘घटलेले’ दिसणारच. एकाही पेशीत काहीच बदलले नसले तरी असा निकाल येईल. पाट्यावर वाटलेल्या चटणीत खोबरे किती आणि कोथिंबीर किती हे चवीवरून ओळखता येते, पण वाटण्याआधी कोणता जिन्नस कुठे होता हे सांगता येत नाही. दळलेल्या ऊतीचेही तसेच होते.

दुसरी अडचण काळाची. निरोगी स्तन सतत बदलत असतो. पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन वाढते, तेव्हा पिंडिकांतल्या पेशी अधिक विभागतात. गर्भारपणात पिंडिकांची संख्या वाढते, अंगावर पाजण्याच्या काळात त्या दुधाची प्रथिने भरभरून तयार करतात आणि पाजणे थांबले की त्यांतल्या बहुतेक पेशी मरून पूर्वीची रचना परत येते. पाळी गेल्यावर पिंडिका आक्रसतात आणि चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे पंचविशीतली, बाळंतीण आणि साठीतली अशा तिघी पूर्ण निरोगी असल्या तरी त्यांच्या स्तनातल्या प्रथिनांचे चित्र वेगवेगळे असते.

तुलनेची दोन मोठी यशे

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहिले की बीजकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातला पसरलेला कर्करोग आक्रसतो. काहींचाच का, हे कोडे साठेक वर्षे तसेच राहिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी ट्रिशियम जोडलेले इस्ट्रोजेन वापरून हे हार्मोन धरून ठेवणारे प्रथिन काही ऊतींमध्ये असल्याचे दाखवले. हाच इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ईआर. ज्या गाठींत तो भरपूर असतो त्याच गाठी हार्मोन रोखणाऱ्या उपचारांना दाद देतात, हे त्यानंतरच्या कामातून उलगडले. १९७७ मध्ये अमेरिकेत टॅमोक्सिफेनला मान्यता मिळाली आणि एका प्रथिनाच्या मोजणीवरून औषध निवडणे सुरू झाले.

आता याच प्रथिनाकडे निरोगी बाजूने पाहू. निरोगी स्तनातही ईआर असलेल्या पेशी असतात, विखुरलेल्या आणि संख्येने कमी. रॉबर्ट क्लार्क आणि मँचेस्टरमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एकाच पेशीत ईआर आणि विभाजनाची खूण असलेले केआय-६७ एकत्र सापडते का ते तपासले. निरोगी स्तनात ती जोडी जवळपास कुठेच नव्हती. ईआर असलेली पेशी स्वतः विभागत नाही, ती शेजारणींना निरोप पाठवते आणि विभागतात त्या शेजारणी. कर्करोगात ही शिस्त मोडते आणि ईआर असलेली पेशी स्वतःच विभागू लागते. प्रथिने तीच आहेत, ती कोणाच्या सोबतीने आढळतात ते बदलले आहे. दोन तुकडे दळून ईआर किती ते मोजले असते तर हा फरक कोणाच्याच नजरेला पडला नसता.

दुसरे यश हर-टूचे. डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू जनुकाच्या अनेक प्रती होत्या आणि त्या स्त्रियांचा आजार अधिक वेगाने परतत होता. आज हे प्रमाण १५ ते २० टक्के धरले जाते. हर-टू निरोगी पेशीवरही असते, साधारण वीस ते पन्नास हजार रेणू. बिघडलेल्या पेशीवर ही संख्या वीस लाखांपर्यंत जाते. औषधाला लक्ष्य मिळाले ते प्रमाणातल्या या तफावतीमुळे. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर ते दिल्यास आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे २००५ मधील मोठ्या चाचण्यांतून दिसले. सर्वांत भयंकर मानला जाणारा एक प्रकार त्यामुळे आटोक्यात येऊ लागला.

निरोगी शरीरात अजिबात नसलेले, केवळ कर्करोगातच आढळणारे प्रथिन या दोन्ही यशांत कुठेही नाही. तसे ‘कर्करोगाचे प्रथिन’ शोधण्यात अनेक वर्षे गेली. सापडला तो प्रमाणातला, जागेतला आणि सोबतीतला फरक.

जेलवरच्या ठिपक्यांपासून

एकेक प्रथिन तपासण्याऐवजी सगळीच एका वेळी पाहण्याची वाट १९७५ मध्ये मोकळी झाली. पॅट्रिक ओफॅरेल यांनी प्रथिने आधी विद्युतभारानुसार आणि मग वजनानुसार जेलवर वेगळी करण्याची द्विमितीय पद्धत मांडली. प्रत्येक प्रथिनाचा एक ठिपका. निरोगी आणि कर्करोगग्रस्त ऊतींची जेल शेजारी ठेवायची आणि कोणता ठिपका ठळक झाला, कोणता पुसट झाला ते पाहायचे. ठिपक्यातले प्रथिन कोणते हे ओळखणे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीमुळे सोपे झाले. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता यंत्रात नेण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मिश्र ऊतींच्या अडचणीवरही उपाय निघाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहत लेझरच्या मदतीने हव्या त्याच पेशी उचलण्याचे तंत्र तयार झाले. ते वापरून ज्युलिया वुल्फकूल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निरोगी नलिका आणि नलिकेतच थांबलेला सुरुवातीचा कर्करोग यांची तुलना केली. प्रमाण बदललेली ५७ प्रथिने त्यांनी नोंदवली. कोपनहेगनमध्ये हुलिओ सेलिस यांच्या गटाने वेगळी वाट धरली. शस्त्रक्रियेतून आलेले ताजे तुकडे क्षारयुक्त द्रावणात ठेवून गाठीतल्या पेशींभोवतीचा द्रव त्यांनी मिळवला आणि २००४ मध्ये त्यातली अडीचशेहून अधिक प्रथिने ओळखली. गाठ आपल्या परिसराला कोणते निरोप देते, ते या द्रवातून वाचता येऊ लागले.

याच गटाच्या कामातला एक धडा फार मोलाचा आहे. १४-३-३ सिग्मा नावाचे प्रथिन पेशीच्या विभाजनाला लगाम घालते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या तुलनेतून, स्तनाच्या कर्करोगात हे प्रथिन घटते असा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याचे जनुक बहुतेक गाठींत रासायनिकरीत्या बंद होते, असेही एका अभ्यासात आले होते. लगाम सुटल्यामुळे कर्करोग, ही गोष्ट पटण्यासारखी होती. २००५ मध्ये कोपनहेगनच्या गटाने प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठी प्रथिनांच्या पातळीवर तपासल्या, तेव्हा ही घट क्वचितच आढळली. भांड्यात वाढवलेली पेशी आणि शरीरातली ऊती यांतले अंतर आधीच्या तुलनेत धरलेच गेले नव्हते.

दुसरा इशारा प्रागहून आला. यिरी पेत्राक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या रोगांवरचे, वेगवेगळ्या ऊतींवरचे जेलचे अभ्यास एकत्र वाचले. इनोलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन, उष्णता सोसणारी हीट शॉक प्रथिने अशी तीच ती नावे सगळीकडे ‘बदललेली’ म्हणून येत होती. ती मुबलक असतात, जेलवर सहज दिसतात आणि कोणत्याही ताणाने वरखाली होतात. त्यामुळे स्तनगाठीत इनोलेज वाढले एवढ्यावरून कर्करोगाविषयी फारसे काही कळत नाही.

टिकलेले बदल

या चाळणीतून गाळल्यावर उरतात ते बदल काही गटांत मांडता येतात.

पहिला गट घडी सांभाळणाऱ्या प्रथिनांचा. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के पिंडिकीय प्रकारचे असतात. त्यांत हे प्रथिन बहुधा नाहीसे होते आणि पेशी एकेकट्या, रांगेने ऊतीत शिरतात. म्हणूनच या प्रकाराची गाठ हाताला किंवा मॅमोग्राममध्ये उशिरा कळते.

दुसरा गट मायोएपिथेलियल थराचा. पी-६३ आणि स्मूथ मसल ॲक्टिन ही या थराची प्रथिने आहेत. कर्करोग नलिकेतच आहे की बाहेर पडला आहे अशी शंका असली की पॅथॉलॉजिस्ट कापावर याच प्रथिनांचे रंग चढवतात. थर शाबूत असेल तर आजार आतच आहे. नसेल तर तो पसरू लागला आहे आणि उपचारांची दिशा बदलते. रोगाचा टप्पा इथे एका निरोगी प्रथिनाच्या नसण्यावरून ठरतो.

तिसरा गट आजूबाजूच्या तंतूंचा. बायकांना गाठ कडक लागते, त्यामागे बऱ्याच अंशी कोलॅजन असते. लायसिल ऑक्सिडेज हे विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडून ऊती ताठ करते आणि त्या ताठपणामुळे पेशींची घुसखोरी वाढते, हे २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले. विस्कॉन्सिनमधील पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिलेले कोलॅजनचे धागे ओळखले. अशी रचना असलेल्या स्त्रियांमध्ये आजाराचा पुढचा प्रवास अधिक वाईट असल्याचे २०११ मध्ये नोंदले गेले. प्रमाण सारखे असले तरी धाग्यांची दिशा बदलली की अर्थ बदलतो.

चौथा गट पेशीच्या खुराकाचा. गाठीतल्या पेशी ग्लुकोज वेगाने जाळतात आणि स्वतःची चरबी स्वतः तयार करतात. वाईट भवितव्याशी जोडलेले एक प्रथिन म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज हे विकर होय, हे १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील फ्रान्सिस कुहाजदा यांच्या गटाने ओळखले. पाचवा गट विभाजनाच्या यंत्रणेचा, केआय-६७ आणि त्याच्या सोबत्यांचा.

हे बदल उलटवता येतात का? बर्कलीत मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत व्हॅलरी वीव्हर यांनी १९९७ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. कर्करोगी स्तनपेशी त्यांनी लॅमिनिनयुक्त मऊ जेलमध्ये वाढवल्या आणि पेशीला परिसराशी जोडणारे बीटा-१ इंटेग्रिन हे प्रथिन प्रतिपिंडाने रोखले. जनुकांतले दोष तसेच असूनही पेशींनी पुन्हा गोल, शिस्तबद्ध पिंडिकांची रचना धरली. परिसराशी होणारा संवाद बदलल्यावर पेशीचे वागणे बदलले.

मोठे नकाशे

२००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आरएनएवरून स्तनगाठींचे ल्युमिनल, बेसल, हर-टूप्रधान असे प्रकार पाडले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासने ८२५ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय आराखडा मांडला. मग आरएनएवरून प्रथिनांचा अंदाज येत असेल तर प्रथिने वेगळी मोजायची कशाला, असा प्रश्न साहजिक होता. त्याचे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. फिलिप मर्टिन्स आणि सहकाऱ्यांनी ॲटलासमधल्याच १०५ गाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासल्या. त्यांतल्या ७७ गाठींची प्रत पुरेशी चांगली ठरली. बारा हजारांहून अधिक प्रथिने आणि तेहतीस हजारांहून अधिक फॉस्फेटच्या जागा मोजल्या गेल्या. आरएनए आणि प्रथिन यांचा सहसंबंध सरासरी ०.४ च्या आसपास निघाला. आरएनए पाहून प्रथिनाबद्दल बोलणे किती ठिकाणी चुकेल, हे त्यावरून कळते.

फॉस्फेटच्या जागा एवढ्या महत्त्वाच्या का? बरीच प्रथिने नुसती असून भागत नाही. त्यांना फॉस्फेटचा गट चिकटला की ती जागी होतात, निघाला की शांत होतात. निरोगी पेशीत आणि गाठीत एकच प्रथिन सारख्याच प्रमाणात असूनही एकीकडे झोपलेले आणि दुसरीकडे सतत जागे असू शकते. औषधे बहुधा या जागेपणावरच घाव घालतात. २०२० मध्ये कार्स्टन क्रुग आणि सहकाऱ्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वी काढलेल्या १२२ गाठींचा असाच अभ्यास केला. आरबी या प्रथिनाच्या स्थितीवरून विभाजनाला चालना देणारी सीडीके ४/६ ही प्रथिने रोखणाऱ्या गोळ्या कोणत्या गाठीवर चालतील याचा अंदाज बांधता येईल, अशी दिशा त्यातून मिळाली.

जागेचा प्रश्नही आता सुटू लागला आहे. झुरिकच्या बर्न्ड बोडेनमिलर यांच्या गटाने २०२० मध्ये ३५ खुणांचे प्रतिपिंड एकाच कापावर वापरून ३५२ रुग्णांच्या गाठी पेशीगणिक पाहिल्या. कोणती पेशी कोणाशेजारी आहे, हे प्रथिनांच्या मोजणीबरोबरच नोंदले गेले.

निरोगी कोणाला म्हणायचे

या सगळ्या भव्य कामात निरोगी बाजूला काय होते? २०१६ च्या अभ्यासात ७७ गाठींसमोर निरोगी स्तनाचे नमुने होते तीन. २०१४ मध्ये बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्स आणि अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखालील गटाने मानवी प्रथिनांचा पहिला मोठा आराखडा प्रसिद्ध केला. १७,२९४ जनुकांची प्रथिने त्यात सापडली, भारतीय विज्ञानाने अभिमान बाळगावा असे ते काम. त्यात प्रौढांच्या १७ निरोगी ऊती होत्या. यकृत, हृदय, फुप्फुस, बीजकोश, प्रोस्टेट, डोळ्याचा पडदा होता. स्तन नव्हता.

निरोगी नमुना सहसा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे गाठीशेजारचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठीक दिसणारा भाग. तो सहज मिळतो आणि बाईही तीच असते, त्यामुळे सोयीचा. पण २०१७ मध्ये द्विर अरान आणि सहकाऱ्यांनी अनेक अवयवांच्या आरएनएची तुलना करून दाखवले की गाठीशेजारची ऊती खरी निरोगी नसते, ती निरोगी आणि कर्करोगी यांच्या मधल्या अवस्थेत असते. शेजारी आग लागलेली असताना तिला सामान्य धरून चालत नाही. दुसरा स्रोत स्तनाचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतला. त्या स्त्रिया बहुधा तरुण आणि वजनाने जास्त असतात. साठीतल्या बाईच्या गाठीची तुलना तिशीतल्या स्तनाशी केली की वयाचा फरक कर्करोगाच्या खात्यावर जमा होतो.

तिसरा मार्ग इंडियानातील सुसान जी. कोमेन टिश्यू बँकेने दाखवला. २००७ पासून पूर्ण निरोगी स्त्रिया तिथे स्वेच्छेने स्तनाच्या ऊतीचा छोटा तुकडा सुईने काढून देतात. वय, पाळीचा दिवस, बाळंतपणे, औषधे अशी सगळी माहिती सोबत नोंदली जाते. आजार नसताना, दुसऱ्या कुणा बाईच्या उपचारासाठी सुई टोचून घेणे हे मोठ्या मनाचे काम आहे, आणि हजारो स्त्रियांनी ते केले आहे. पुढे २०२२ मध्ये हार्वर्डच्या जोन ब्रुग यांच्या गटाने निरोगी स्तनपेशींचा प्रथिने आणि आरएनए या दोन्हींवर आधारलेला नकाशा काढला. २०२३ मध्ये १२६ स्त्रियांच्या सात लाखांहून अधिक पेशींचा मानवी स्तनाचा पेशीनकाशा आला. निरोगी बाजूचा हिशेब आता कुठे लिहिला जाऊ लागला आहे.

पहिला तास

तुलना फसण्याचे आणखी एक कारण शस्त्रक्रियागृहातच घडते. स्तनाचा तुकडा काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या ताणाखाली जगत राहतात आणि ताणाची प्रथिने जागी करतात. मर्टिन्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात तासाभरात प्रथिनांचे एकूण प्रमाण फारसे हलले नाही, पण फॉस्फेटच्या जागांपैकी २४ टक्क्यांपर्यंत बदलल्या. गाठ पाच मिनिटांत गोठवली आणि निरोगी तुकडा ट्रेमध्ये पाऊण तास पडून राहिला, तर त्यांतला फरक कर्करोगाचा की वाट पाहण्याचा, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.

रुग्णाच्या रिपोर्टवरही याचा थेट परिणाम होतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये १९९७ ते २००५ या काळातल्या ईआर चाचण्यांत सुमारे चारशे स्त्रियांचे निकाल चुकल्याचे उघड झाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. ज्यांना हार्मोनरोधक गोळीचा फायदा झाला असता अशा स्त्रियांना ती मिळालीच नाही. आज ऊती तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि त्यात ६ ते ७२ तास राहावी, असा दंडक आहे. या चाचणीतही निरोगी ऊतीचा उपयोग होतो. कापावर निरोगी नलिका असेल आणि तिच्यातल्या विखुरलेल्या पेशींवरही ईआरचा रंग चढला नसेल, तर चाचणीच बिघडल्याचा संशय घ्यायचा असतो.

प्रमाण मोजण्याची गरज आता आणखी वाढली आहे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध हर-टू थोडेच असलेल्या पसरलेल्या कर्करोगातही उपयोगी ठरले. काल ज्या गाठींना हर-टू निगेटिव्ह म्हटले जात होते, त्यांतल्या अनेक आज उपचारायोग्य झाल्या. पण शून्य आणि एक या श्रेणींमधला फरक डोळ्याने ठरवताना पॅथॉलॉजिस्टांमध्येही एकमत होत नाही. निरोगी नलिकेवर असते त्याच्या तुलनेत नेमके किती, असे मोजून सांगणाऱ्या पद्धती इथे रुग्णाच्या थेट कामी येतील.

रक्ताच्या थेंबातून?

ऊतीतला फरक रक्तात शोधता आला तर बायोप्सीची सुईसुद्धा नको, ही आशा जुनी आहे. सीए १५-३ ही रक्तचाचणी म्यूक-१ या स्तनपेशींच्या प्रथिनावर आधारलेली आहे. पसरलेल्या आजारावर लक्ष ठेवायला ती उपयोगी पडते, पण सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक स्त्रियांमध्ये ती वाढलेली नसते. म्हणून निरोगी स्त्रियांच्या तपासणीसाठी तिची शिफारस केली जात नाही.

घाईचा धोका बीजकोशाच्या कर्करोगाच्या बाबतीत दिसला. २००२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या आलेखावरून जवळपास अचूक निदान होते असा शोधनिबंध आला आणि मोठी खळबळ उडाली. पुढे कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती तपासली, तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांच्यातला बराचसा फरक नमुने मोजण्याच्या पद्धतीतून आला असावा असे दिसले. निरोगी गटाचे नमुने त्याच काळजीने, त्याच क्रमात मिसळून मोजले नाहीत तर यंत्र स्वतःचाच बदल रोग म्हणून दाखवते.

तोवर लवकर निदानाचे खात्रीचे मार्ग सोडू नयेत. टाटा मेमोरिअलने १९९८ मध्ये मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

आपल्याकडे काय हवे

भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सरासरी दहा वर्षे लवकर गाठतो. ईआर, पीआर, हर-टू ही तिन्ही प्रथिने नसलेला ट्रिपल निगेटिव्ह प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो. २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात भारतातले त्याचे प्रमाण ३१ टक्के निघाले. पाश्चात्त्य देशांत ते साधारण १० ते १५ टक्क्यांच्या घरात आहे. या प्रकाराला पकडायला ही ओळखीची प्रथिने नाहीत, म्हणून नव्या प्रथिनांच्या शोधाची गरज आपल्याला सर्वाधिक आहे.

काम सुरूही झाले आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी करार करून जनुके आणि प्रथिने एकत्र वाचण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात भाग घेतला. पुण्यात प्रशांति कॅन्सर केअर मिशन आणि आयसर यांनी मिळून स्तनाच्या कर्करोगावर संशोधन उभे केले आहे. २०२५ मध्ये आयआयटी मद्रासने ४८० स्तनकर्करोग रुग्णांच्या जनुकीय माहितीचा संच खुला केला.

या सगळ्याला आता निरोगी भारतीय स्तनाचा संग्रह जोडायला हवा. त्यात वेगवेगळ्या वयाच्या, बाळंतपण झालेल्या आणि न झालेल्या, गावातल्या आणि शहरातल्या स्त्रिया असाव्यात. प्रत्येक नमुन्यासोबत पाळीचा दिवस, वजन, अंगावर पाजल्याचा काळ लिहिलेला असावा. ऊती काढल्यापासून गोठवण्यापर्यंतची मिनिटे गाठीच्या आणि निरोगी अशा दोन्ही नमुन्यांसाठी सारख्याच काटेकोरपणे नोंदली जावीत. संमती तिच्या भाषेत, तिला कळेल अशा शब्दांत, घाई न करता घेतली जावी. त्या तुकड्याचे पुढे काय होणार, हे तिला सांगणे संशोधकाचे कर्तव्य आहे. जिल्हा रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी विभागालाही वेळेवर फॉर्मॅलिन, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि चाचणीची प्रत तपासणारी यंत्रणा मिळायला हवी. चांगल्या तुलनेची सुरुवात तिथल्या टेबलावर होते.

पन्नास वर्षांच्या कामाने इतके नक्की शिकवले आहे की कर्करोगी पेशी बहुतेक निरोगी पेशीचीच प्रथिने वापरते, फक्त त्यांचे प्रमाण, जागा, सोबत आणि जागेपण बदलते. म्हणून निरोगी पेशीत ही चार कशी असतात, हे माहीत असल्याशिवाय गाठीतला बदल ओळखता येत नाही आणि औषधासाठी लक्ष्यही निवडता येत नाही. संशोधनाचा पैसा, वेळ आणि शिस्त यांत निरोगी बाजूला बरोबरीचा वाटा मिळाला, तर ज्या बाईच्या रिपोर्टवर आज तीनदा ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते तिच्यासाठीही पकडता येईल असे प्रथिन सापडण्याची शक्यता वाढेल.